टक्के, मिनिटे आणि शंभर बस : सोलापूरच्या सार्वजनिक वाहतुकीचा हिशेब

सार्वजनिक वाहतुकीच्या वापराचे उद्दिष्ट बहुधा टक्क्यांत सांगितले जाते. शहरातले लोक दिवसभरात जितक्या खेपा करतात, त्यांतल्या शंभरपैकी किती बसने, लोकलने किंवा मेट्रोने व्हाव्यात, हा तो आकडा. खेप म्हणजे एका माणसाने एका कामासाठी एका जागेहून दुसऱ्या जागी जाणे. कामावर जाऊन घरी परतले की दोन खेपा झाल्या. आकडा दिसायला सोपा, पण छेदात काय धरले यावर त्याचा सगळा अर्थ ठरतो. पायी आणि सायकलने झालेल्या खेपा छेदात घेतल्या तर बसचा वाटा लहान दिसतो. फक्त वाहनाने झालेल्या खेपा घेतल्या तर तोच वाटा दुप्पटही दिसू शकतो. दोन शहरांची, किंवा एकाच शहराच्या दोन अहवालांची तुलना करताना पहिला घोळ इथेच होतो. सोलापुरात तो जास्त होतो, कारण इथल्या पेठांमधली बरीचशी कामे आजही चालतच उरकतात.

असे आकडे जाहीर करणाऱ्या संस्था आणि शहरे कमी नाहीत. सार्वजनिक वाहतूक संस्थांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे यूआयटीपीने, २००९ मध्ये व्हिएन्नाच्या अधिवेशनात जगभरातला सार्वजनिक वाहतुकीचा वाटा २०२५ पर्यंत दुप्पट करण्याचा संकल्प सोडला. मुदत संपली. मधल्या काळात करोनाने बस आणि आगगाड्या रिकाम्या केल्या, ही गोष्ट खरी. पण हा आकडा गाठण्याची जबाबदारी कोणत्याच एका शहरावर, कोणत्याच एका अंदाजपत्रकावर नव्हती, हीही तितकीच खरी. शहरांनी स्वतःसाठी ठरवलेले आकडे जरा बरे टिकतात. सिंगापूरने २०१३ च्या आराखड्यात गर्दीच्या वेळच्या खेपांपैकी ७५ टक्के खेपा २०३० पर्यंत सार्वजनिक वाहतुकीने व्हाव्यात असे ठरवले. लंडनच्या महापौरांच्या २०१८ च्या आराखड्यात २०४१ पर्यंत ८० टक्के खेपा पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहतुकीने व्हाव्यात असे म्हटले आहे. तेव्हा हे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते. लंडनने पायी आणि सायकलच्या खेपा बसच्या विरोधात न मांडता बसच्याच बाजूला मोजल्या, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. व्हिएन्नाने २०१२ साली वार्षिक पासची किंमत ३६५ युरोवर आणली. दिवसाला एक युरो हा हिशेब जगभर गाजला, आणि पुढे त्या शहरात वार्षिक पासधारकांची संख्या नोंदणीकृत मोटारींहून जास्त झाली. स्वस्त पासच्या जोडीने तिथे मोटार उभी करण्याचे शुल्कही जास्त भागांत लागू झाले आणि ट्राम-मेट्रोच्या फेऱ्या आधीपासून भरपूर होत्या. कौतुक करताना मात्र बहुतेकांना फक्त पासच आठवतो.

भारतात या विषयाला धोरणाचे रूप २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने दिले. वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवणे महत्त्वाचे, हे त्याचे सूत्र. त्याआधीपासून वाहतूक नियोजनाच्या पुस्तकांत एक तक्ता फिरत आला आहे. लोकसंख्येनुसार शहरात सार्वजनिक वाहतुकीचा वाटा किती असणे इष्ट, हे तो सांगतो : १ ते ५ लाखांच्या शहरात ३० ते ४० टक्के, ५ ते १० लाखांच्या शहरात ४० ते ५० टक्के, १० ते २० लाखांच्या शहरात ५० ते ६० टक्के, आणि याच चालीने वर. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे तक्त्याप्रमाणे सोलापूरकरांच्या शंभरातल्या किमान चाळीस खेपा बसने व्हायला हव्यात.

दुसरे माप जास्त कामाचे आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्ये शहरी वाहतुकीसाठी सेवापातळीचे निकष काढले. त्यांत प्रत्येक बाबीसाठी चार पायऱ्या आहेत. पहिली सर्वांत चांगली, चौथी सर्वांत वाईट. दर हजार लोकांमागे ०.६ किंवा अधिक बस असतील तर पहिली पायरी, ०.४ ते ०.६ असतील तर दुसरी, ०.२ ते ०.४ असतील तर तिसरी, त्याहून कमी असतील तर चौथी. थांब्यावर सरासरी चार मिनिटांपर्यंत वाट पाहावी लागत असेल तर पहिली पायरी, दहा मिनिटांहून जास्त लागत असेल तर चौथी. बसमध्ये आसनांच्या दीडपटीपर्यंत माणसे असतील तर पहिली, अडीचपटीहून जास्त असतील तर चौथी. नियोजनाच्या कागदावर रुक्ष वाटणारे हे आकडे प्रवाशाच्या बाजूने लिहिलेले आहेत. शहराचा अमुक टक्के वाटा बसकडे आहे, हे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळतही नाही; पंधरा मिनिटे झाली आणि बस आली नाही, हे मात्र लगेच कळते. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात, पत्र्याचे छतही नसलेल्या थांब्यावर, ते फारच कळते.

सोलापूरची चण मुळात बससाठी झालेली नाही. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी मिल, सुरू झाली आणि पुढच्या गिरण्यांनी शहर वाढवले. कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहत. पूर्व भागात हातमाग आणि नंतर यंत्रमाग राहत्या घरांच्या आसपासच वाढले, आणि तेलुगू भाषक पद्मशाली घरांमधल्या बायका घरी बसून विड्या वळत. काम आणि घर यांतले अंतर पायाच्या मापाचे होते. पुढे एकेक गिरणी बंद पडली. ५ मे १९९२ ला हद्दवाढ झाली आणि महापालिकेचे क्षेत्र १७८.५७ चौरस किलोमीटर झाले. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, बाळे, शेळगी, केगाव अशा दिशांना वस्ती पांगली. पांगलेल्या वस्तीला पायी अंतरे पुरेनात. ती पोकळी आधी सायकलने, मग लुनाने आणि शेवटी मोटारसायकलने भरून काढली. बस त्या शर्यतीत मागे राहिली.

सोलापूर महानगरपालिका परिवहन उपक्रम, सोलापूरकरांची एसएमटी, या वाढीच्या बरोबरीने वाढू शकली नाही. एके काळी तिच्या बस शहरातल्या पेठांबरोबरच हद्दीबाहेरच्या खेड्यांनाही जात. नंतरची कहाणी महाराष्ट्रातल्या बहुतेक पालिका परिवहन सेवांसारखीच : जुन्या गाड्या, सुट्ट्या भागांची टंचाई, थकलेले पगार, कमी झालेल्या फेऱ्या, त्यामुळे घटलेले प्रवासी आणि त्यामुळे आणखी कमी झालेल्या फेऱ्या. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून सोलापूरला २०० बस मंजूर झाल्या, तेव्हा हे चक्र उलटेल असे वाटले होते. पण आलेल्या बसपैकी बऱ्याच गाड्यांच्या चेसीला तडे गेले, त्या उभ्या करून ठेवाव्या लागल्या आणि प्रकरण लवादाकडे गेले. गेल्या काही वर्षांत रोज रस्त्यावर येणाऱ्या बस काही डझनांवर आल्या.

आता शंभर ई-बस मंजूर आहेत. १६ ऑगस्ट २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम ई-बस सेवा योजनेला मान्यता दिली : १०,००० बस, ५७,६१३ कोटींचा अंदाजित खर्च, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. शहराच्या लोकसंख्येवरून बसची संख्या ठरते. ५ ते १० लाखांच्या शहराला शंभर. बस ठेकेदाराच्या मालकीच्या, चालक त्याचा. मार्ग, वेळापत्रक आणि तिकीटदर पालिकेकडे, आणि ठेकेदाराला पैसे धावलेल्या किलोमीटरवर.

बसचे हे आकडे सेवापातळीच्या पट्टीवर ठेवले की चित्र स्पष्ट होते. साडेनऊ लाख लोकसंख्येला पहिली पायरी गाठायला ५७० बस लागतात, दुसरी गाठायला ३८०, तिसरी गाठायला १९०. अभियानातल्या २०० बस सगळ्या धावल्या असत्या तर शहर तिसऱ्या पायरीवर जेमतेम पाऊल टेकवून उभे राहिले असते. शंभर बस म्हणजे हजारी ०.१, हे चौथ्या पायरीचेही मध्यच. २०११ नंतर वाढलेली लोकसंख्या धरली तर त्याहून खाली. शंभर ई-बसमुळे शहराची वाहतूक पालटेल असे कोणी म्हणत असेल, तर त्याने हा भागाकार एकदा करून पाहावा.

टक्क्यांचा हिशेबही घालता येतो. माणशी रोज सरासरी १.२ खेपा धरल्या तर सोलापुरात दिवसाला सुमारे ११.४ लाख खेपा होतात. शंभरपैकी ९० बस रोज रस्त्यावर आल्या आणि प्रत्येकीने ६०० प्रवासी नेले, तर ५४,००० खेपा. म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यातला किमान चाळीस टक्क्यांचा आकडा गाठायचा तर रोज साडेचार लाखांहून जास्त खेपा बसने व्हाव्या लागतील, आणि त्याच हिशेबाने त्यासाठी सुमारे ७६० बस लागतील. इथे एक गमतीची गोष्ट निघते. मंत्रालयाच्या निकषातली सर्वोत्तम पायरी ५७० बसची. तितक्या बस आणूनही वाटा ३० टक्क्यांच्या पुढे जात नाही. तक्ता आणि निकष एकमेकांशी जुळवून पाहिले तर सोलापुरापुरते तरी ते जुळत नाहीत, आणि अंतर भरून काढायचे तर प्रत्येक बसने ६०० नव्हे, ८०० माणसे न्यायला हवीत. चाळीस टक्क्यांचे उद्दिष्ट सोलापूरच्या आराखड्यात लिहिणे म्हणजे ते न गाठण्याची आधीच सोय करून ठेवणे.

मग लिहायचे काय? मिनिटे. कारण मिनिटे नियोजनकाराच्या हातात असतात, टक्के नसतात. टक्के हे मिनिटांमागून येणारे फळ.

एका मार्गाचे गणित घालून पाहू. मार्ग १२ किलोमीटरचा, शहरातल्या वाहतुकीत बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. एका बाजूला ४८ मिनिटे. दोन्ही टोकांना सहा-सहा मिनिटे थांबणे. पूर्ण चक्र १०८ मिनिटांचे. दर आठ मिनिटांना बस हवी असेल, म्हणजे प्रवाशाला सरासरी चार मिनिटे थांबावे लागेल, तर त्या एका मार्गावर १४ बस लागतात. दर वीस मिनिटांना बस, म्हणजे सरासरी दहा मिनिटांची वाट, चालणार असेल तर सहा पुरतात. रस्त्यावर येणाऱ्या ९० बस आठ मिनिटांच्या हिशेबाने सहा मार्गांना पुरतात, वीस मिनिटांच्या हिशेबाने पंधरांना. याहून जास्त मार्गांवर वाटल्या, आणि आपल्या भागात बस हवी अशी मागणी प्रत्येक प्रभागातून येतेच, तर अर्ध्या-पाऊण तासाने एक बस अशी सेवा उरते. तशी सेवा नकाशावर शहरभर दिसते आणि तिचे वेळापत्रक कोणाच्या लक्षात राहत नाही.

मार्ग थोडे आणि फेऱ्या दाट, की मार्ग पुष्कळ आणि फेऱ्या विरळ, हा या विषयातला खरा वाद आहे आणि तो नुसता तांत्रिक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ११.२ हा भाग दुसऱ्या बाजूने बोलतो : घरापासून बसथांबा ५०० मीटरच्या आत असणाऱ्या लोकांचे प्रमाण तो मोजतो. सोलापूरच्या संपूर्ण क्षेत्राला ५०० मीटर त्रिज्येची वर्तुळे घालायची तर क्षेत्रफळाच्या नुसत्या भागाकारानेच सुमारे २२७ लागतात. हद्दीतली बरीच जमीन अजून मोकळी आहे, त्यामुळे प्रत्यक्षात कमी पुरतील, तरी आकडा लहान नाही. थांबा जवळ असणे आणि बस वेळेवर येणे या दोन्ही गोष्टी शंभर बसमध्ये बसत नाहीत. पहिली पाच वर्षे दाट फेऱ्यांना द्यावीत, हेच व्यवहाराला धरून दिसते. घराजवळच्या थांब्यावर तासाने बस येते तेव्हा तिच्यासाठी कोणी थांबत नाही. दहा मिनिटे चालून गेल्यावर लगेच बस मिळते तिथे लोक चालत जातात.

फेऱ्यांच्या संख्येइतकाच त्यांचा नेमकेपणा महत्त्वाचा. दर दहा मिनिटांनी एक, अशा दोन बस वीस मिनिटांत आल्या तर सरासरी वाट पाच मिनिटांची. त्याच दोन बस एकीमागे दुसरी दोन मिनिटांनी आणि पुढची अठरा मिनिटांनी आली, तर बसची संख्या तीच राहूनही सरासरी वाट आठ मिनिटांच्या वर जाते, कारण लांबलेल्या अंतरातच जास्त माणसे येऊन उभी राहतात. नवी पेठेच्या तोंडाशी किंवा कन्ना चौकात दहा मिनिटे अडकलेली बस नुसती स्वतः उशिरा येत नाही, मागच्या बसलाही आपल्या पाठीला चिकटवते. पुढची भरून वाहते, मागची रिकामी धावते. म्हणून बस वेळेच्या किती जवळ धावल्या, हा आकडा उद्दिष्टात स्वतंत्र असावा लागतो, आणि तो सुधारण्याचे साधन नव्या बस नव्हे, तर चौकातले पार्किंग आणि सिग्नल.

शेअर रिक्षांचे गणित या सगळ्याच्या बाहेर ठेवता येत नाही. सोलापूरच्या मोठ्या रस्त्यांवर आज दर दोन-तीन मिनिटांना मिळणारे वाहन बस नसून रिक्षा आहे. चौकात उभा राहून ‘आसरा, आसरा’ किंवा ‘जुळे, जुळे’ असे पुकारणारा रिक्षावाला हात दाखवील तिथे थांबतो, हवे तिथे उतरवतो. मंत्रालयाच्या निकषात ही सेवा संघटित सार्वजनिक वाहतुकीत मोजली जात नाही, त्यामुळे कागदावर सोलापूर चौथ्या पायरीवर दिसते. रस्त्यावर मात्र माणसे पोचतात. रिक्षाचे दोष सगळ्यांना ठाऊक आहेत : सीट भरल्याशिवाय सुटत नाही, तिघांच्या जागी पाच-सहा बसतात, रात्री मिळत नाही किंवा दुप्पट घेते, आणि दूरच्या वस्तीत शेवटपर्यंत जात नाही. पण बस आल्यावर रिक्षा हटवायची, असा विचार करणारी योजना टिकत नाही. मुख्य रस्त्यावर बस आणि आतल्या गल्लीबोळांत रिक्षा, अशी वाटणी भुवनेश्वरने वेगळ्या रूपात करून दाखवली. सोलापूरहून किंचित लहान असलेल्या त्या शहरात नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘मो बस’ सुरू झाली, आणि पुढे थांब्यांपासून वस्तीपर्यंत नेणाऱ्या ई-रिक्षा तिला जोडल्या. त्या चालवायला महिलांना प्राधान्य दिले. त्या सेवेची संस्था एका पालिकेपुरती नाही. कटक आणि पुरीही तिच्या क्षेत्रात येतात. ही शेवटची गोष्ट सोलापूरला सर्वांत जास्त लागू पडते, आणि तिचे कारण कुंभारी.

कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, शहराच्या मध्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, महापालिकेच्या हद्दीबाहेर. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत आधी इथे उभी राहिली. नंतर प्रधानमंत्री आवास योजनेतून रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातली पंधरा हजार घरे लाभार्थ्यांना देण्यात आली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, चालक अशा असंघटित कामगारांची ही घरे. घर स्वतःचे झाले. काम मात्र अनेकांचे शहरातच राहिले.

विडी कामगार स्त्रीचा दिवस घेतला तर हे नीट कळते. ती घरी विड्या वळते, म्हणून तिला कामावर जायचे नसते असे आकडेवारी समजते. २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचे अंतर आणि साधन विचारले, पण तो तक्ता फक्त ‘इतर कामगारां’चा, घरगुती उद्योगातले कामगार त्यात नाहीत. प्रत्यक्षात तिला वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याच्या शाखेत जावे लागते, त्या तपासून घ्याव्या लागतात, छाट निघेल ती सोसावी लागते, आणि दुसऱ्या दिवसाची तेंदूपाने आणि तंबाखू घेऊन परतावे लागते. शाखा वसाहतीतच असेल तर ही खेप पायी होते. ती शहरात असेल तर रिक्षाचे किंवा बसचे भाडे थेट त्या दिवसाच्या मजुरीतून जाते. घरात एक मोटारसायकल असलीच तर ती पुरुष घेऊन जातो.

आता तीस हजार घरांचा हिशेब. दहातल्या एका घरातल्या एकाच माणसाला सकाळच्या दोन तासांत शहराकडे जायला बस लागते असे धरू. हा अंदाज कमीतकमीचा. म्हणजे तीन हजार प्रवासी. मोठ्या बसमध्ये पन्नास माणसे धरली तर दोन तासांत साठ फेऱ्या, दर दोन मिनिटांना एक बस. वर घातलेले १०८ मिनिटांचे चक्र इथेही लागू केले तर ५४ बस लागतात : एकट्या वसाहतीसाठी, शंभरातल्या निम्म्याहून जास्त. निम्मीच घरे भरली आहेत असे मानले तरी २७. जगातल्या कोणत्याही शहरात तीस हजार घरे हद्दीबाहेर बांधली की वाहतुकीचे उद्दिष्ट त्याच दिवशी नव्याने मांडावे लागते. इथे घरे एका योजनेतून आली, बस दुसऱ्या योजनेतून, आणि दुसरीची संख्या हद्दीतल्या लोकसंख्येवर ठरली. कुंभारीचे प्रवासी त्या भागाकाराच्या छेदात नाहीत, पण बसच्या दारात मात्र असणार आहेत.

उलट बाजूचे केगाव लहान पण शिकवणारे आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ तिथे, पुणे रस्त्यावर आहे. विद्यार्थ्यांच्या खेपा ठरल्या वेळेच्या आणि ठरल्या दिशेच्या असतात, आणि पास हा त्यांच्या पालकांना समजणारा हिशेब असतो. बसला पहिले प्रवासी मिळवून देणारे मार्ग असेच असतात : विद्यापीठ, सिव्हिल हॉस्पिटल, रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, अक्कलकोट रोडची एमआयडीसी. दुचाकीवाल्याला बसमध्ये आणणे त्यामानाने फार कठीण. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या गाडीचा पेट्रोलचा खर्च किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास. सहा किलोमीटरला बारा रुपये, म्हणजे बसच्या तिकिटाच्या जवळपास, आणि मागे दुसरा बसला तर माणशी निम्मा. गाडी दारात उभी, वाट पाहणे शून्य मिनिटे. अशा माणसाला तिकीट स्वस्त करून बसमध्ये बसवता येत नाही; नवी पेठेत गाडी लावायला पैसे आणि वेळ दोन्ही लागू लागले तरच तो हिशेब बदलतो. म्हणून सोलापूरचे पहिले उद्दिष्ट ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी असावे. स्त्रिया, विद्यार्थी, वृद्ध, रुग्ण आणि त्यांच्यासोबतचे लोक ही संख्या ५४,००० खेपांहून नक्कीच मोठी आहे.

उद्दिष्ट गाठले की नाही हे मोजणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. पूर्वी त्यासाठी घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घ्यावी लागे, आणि असे सर्वेक्षण दहा वर्षांतून एखाद्या वेळी होई. तिकीट यंत्र आणि जीपीएस असलेली बस रोज स्वतःच सांगते : किती प्रवासी, कोणत्या थांब्यावरून, बस किती वाजता आली, किती फेऱ्या रद्द झाल्या. रद्द फेऱ्या हा सर्वांत बोलका आकडा, आणि जाहीर करायला सर्वांत नकोसा. मार्गागणिक चार आकडे — दोन बसमधले प्रत्यक्ष अंतर, रद्द फेऱ्या, प्रवासी, आणि त्यातल्या स्त्रियांचे प्रमाण — महिन्याला जाहीर झाले तरी उद्दिष्टाचा पाठपुरावा होतो. एकूण खेपांचा टक्का काढायला छेद लागतो, आणि तो नव्या जनगणनेनंतर पुन्हा मांडावा लागेल. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

राहिला पैशाचा हिशेब, आणि उद्दिष्टांचे बहुतेक अपघात इथेच होतात. केंद्राची मदत बसच्या लांबीवर ठरते : १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०, आणि ती दहा वर्षांसाठी. समजा, ९ मीटरची बस रोज २०० किलोमीटर धावते आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे ६० रुपये द्यायचे आहेत. केंद्राचे २२ वजा जाता ३८ रुपये तिकिटांतून यायला हवेत. सरासरी तिकीट १२ रुपयांचे असेल तर एका बसला रोज ६३३ प्रवासी लागतात. वाहकाचा पगार आणि आगाराचा खर्च यात धरलेला नाही. ६३३ ऐवजी ४०० च मिळाले तर किलोमीटरमागे १४ रुपयांची तूट पडते. ९० बसच्या हिशेबाने दिवसाला अडीच लाख, वर्षाला नऊ कोटींच्या वर. मार्ग निवडताना केलेली चूक इथे रुपयांत दिसते : विरळ फेऱ्यांच्या मार्गावर प्रवासी कमी, आणि ठेकेदाराला पैसे मात्र धावलेल्या किलोमीटरचे. ठेकेदाराच्या बस रिकाम्या धावल्या काय आणि भरून धावल्या काय, त्याचे बिल सारखेच असते. प्रवासी वाढवण्याची गरज फक्त पालिकेला, आणि म्हणून मार्ग, थांबे, पार्किंग आणि माहिती ही कामे ठेकेदारावर सोपवता येत नाहीत.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात परिवहन उपक्रमाचा निधी आणि अंदाजपत्रक पालिकेच्या इतर हिशेबापासून वेगळे ठेवण्याची सोय आहे. तूट लपत नाही, हा तिचा फायदा. दर वर्षी ‘एसएमटीचा तोटा’ अशी एक बातमी होते, हा तोटा. रस्त्यावरच्या दिव्यांचा तोटा कोणी काढत नाही. दहा वर्षांनंतर केंद्राचे २२ रुपये बंद होतील. तेव्हा वरच्याच दराने ६० रुपये पूर्णपणे तिकिटांतून काढायचे तर एका बसला रोज १,००० प्रवासी लागतील. सोलापूरच्या रस्त्यांवर तितके मिळणे अवघड आहे, म्हणजे उरलेली रक्कम पालिकेच्या तिजोरीतून द्यावी लागेल. प्रवासी ६३३ वर राहिले तर ही रक्कम ९० बसमागे वर्षाला साडेचौदा कोटींच्या आसपास येते. तिची तरतूद पहिल्या वर्षापासून राखीव निधीत थोडी थोडी करायची, की अकराव्या वर्षी एकदम, हे ठरवण्याचा अधिकार सोलापूर महापालिकेचा आहे.